आपलेपणाची मोजपट्टी

१९३२ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावी असलेल्या मुलींच्या एका शाळेतून चौदा मुली पळून गेल्या. अवघ्या दोन आठवड्यांत चौदा. एरवी तिथून कोणी पळत नसे असे नाही, पण हा वेग नेहमीच्या तीस पट होता. शाळा म्हणायची ती नावापुरती. न्यायालयाने ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्या अल्पवयीन मुलींना सुधारण्यासाठी तिथे पाठवत. मुली साधारण पाचशे. त्यांना वेगवेगळ्या घरांत विभागून ठेवलेले आणि प्रत्येक घरावर देखरेखीला एक गृहमाता.

असे काही घडले की चौकशी सुरू होते ती पळालेल्या मुलींच्या स्वभावाची. कोण हट्टी होती, कोणाच्या घरची परिस्थिती कशी होती, कोणाला शिक्षा झाली होती. हडसनला मात्र त्या वर्षी एक माणूस वेगळ्याच कामात गुंतला होता. कोणत्या मुलीला कोणाबरोबर राहावेसे वाटते आणि कोणाबरोबर नको वाटते, याचा तो नकाशा काढत होता. पळालेल्या मुली त्याने या नकाशावर शोधल्या. त्या वेगवेगळ्या घरांतल्या होत्या, पण त्या नकाशावर एकमेकींशी रेघांनी जोडलेल्या होत्या. पळून जाण्याची कल्पना या रेघांवरून सरकत गेली, असे त्याने मांडले. कोण पळाली आणि केव्हा पळाली हे तिच्या स्वभावापेक्षा त्या जाळ्यातल्या तिच्या जागेवरून अधिक कळते, आणि हे जाळे खुद्द त्या मुलींनाही पूर्ण ठाऊक नसते, असा त्याचा दावा होता.

या माणसाचे नाव जेकब लेव्ही मोरेनो. ‘मी इथला आहे, ही माझी माणसे आहेत’ ही भावना आकड्यांत पकडण्याच्या खटपटीचा इतिहास बऱ्याच अंशी त्याच्यापासून सुरू होतो. बी.एड.च्या पुस्तकात ‘समाजमिती’ नावाचे चार पानी प्रकरण आपण सर्वांनी वाचलेले असते. परीक्षेत त्यावर टीप येते. पण त्या चार पानांत हडसनच्या मुली नसतात, आणि या पद्धतीने काय कळते व काय कळत नाही यावरून पुढे साठ-सत्तर वर्षे जो खल झाला तोही नसतो. म्हणून हा लेख.

मोरेनो स्वतः कुठला, हा प्रश्नही गमतीचा आहे. आपण काळ्या समुद्रातल्या एका जहाजावर जन्मलो, त्यामुळे कोणत्याच देशाचे नाही, असे तो सांगत असे. चरित्रकारांनी कागदपत्रे तपासली तेव्हा तो १८८९ साली रुमानियातल्या बुखारेस्ट शहरी जन्मल्याचे निघाले. वाढला व्हिएन्नात, आणि १९१७ साली तिथेच वैद्यकीय पदवी मिळवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नाजवळच्या मिटर्नडॉर्फ इथल्या निर्वासितांच्या छावणीत तो काम करत होता. युद्धामुळे घरदार सोडावे लागलेले, इटालियन बोलणारे हजारो लोक सरकारने तिथे आणून ठेवले होते. कोणाला कुठे ठेवायचे हे सोयीने ठरलेले. शेजारी कोण असेल याचा विचार कोणी केला नव्हता. छावणीतल्या भांडणांचे आणि दुःखाचे एक मोठे कारण इथेच आहे, असे या तरुण डॉक्टरला वाटले. ज्यांचे एकमेकांशी जुळते त्यांना जवळ राहू द्यावे, अशी सूचना त्याने १९१६ साली सरकारला लेखी केली. १९२५ साली तो अमेरिकेला गेला आणि तिथे त्याला हवी तशी जागा मिळाली ती हडसनला. शाळेच्या प्रमुख फॅनी फ्रेंच मॉर्स यांनी १९३२ मध्ये त्याला संशोधनासाठी बोलावून घेतले. सोबत होती हेलन हॉल जेनिंग्ज ही तरुण संशोधिका. आमच्या मते या कामातली आकडेमोडीची शिस्त बरीचशी तिची आहे, पण नाव मोरेनोचे झाले.

पद्धत साधी होती. प्रत्येक मुलीला विचारायचे की एका घरात राहायला तुला कोण आवडेल? पसंतीक्रमाने पाच नावे दे. कोणाबरोबर राहायला नको, तेही सांग. मग प्रत्येक मुलगी म्हणजे कागदावर एक छोटे वर्तुळ, पसंती म्हणजे एका रंगाची रेघ आणि नापसंती म्हणजे दुसऱ्या रंगाची. ज्या वर्तुळाकडे खूप रेघा येतात तो ‘तारा’. दोघींनी एकमेकींना निवडले तर ती जोडी. जिच्याकडे एकही रेघ येत नाही ती एकाकी. मोरेनोचे असे तक्ते न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या एका परिषदेत मांडले गेले, आणि ३ एप्रिल १९३३ च्या न्यूयॉर्क टाइम्सने भावनांचा नवा भूगोल म्हणून त्यांची बातमी केली. पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, त्याचे ‘हू शॅल सर्व्हाइव्ह?’ हे जाडजूड पुस्तक निघाले.

हे केवळ तक्ते काढण्यापुरते नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. नव्या आलेल्या मुलीला कोणत्या घरात ठेवायचे ते ठरवताना जागा रिकाम्या असलेल्या घरांच्या गृहमातांशी तिची भेट घडवत. तिला कोण आवडले आणि तिला कोणी पसंत केले, दोन्ही नोंदवत, आणि शक्यतो दोन्ही जुळतील तिथे तिला पाठवत. यानंतर पळून जाण्याचे प्रमाण उतरले असे मोरेनो सांगतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना इथे लगेच शंका येते. तुलनेसाठी दुसरी शाळा नव्हती. साथ आली की ओसरतेही. शिवाय त्या काळात तिथे इतरही बदल चालू होते. तेव्हा घट झाली ती जागा बदलल्यामुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. हडसनला काळ्या मुलींना गोऱ्या मुलींपासून वेगळ्या घरांत ठेवत. त्यांची घरे सर्वांत दाटीची आणि मोडकळीला आलेली होती. मोरेनोने नकाशा काढला तोही या भिंतींच्या आत. कोणाबरोबर राहायला आवडेल हा प्रश्न विचारायचा, पण उत्तर काहीही आले तरी काही दारे उघडायचीच नाहीत, अशी ती स्थिती होती. १९३३ साली तिथे आणलेल्या काळ्या मुलींमध्ये एला फिट्झजेराल्ड नावाची एक मुलगी होती. हीच पुढे जगप्रसिद्ध जॅझ गायिका झाली. शाळेचे गायनपथक होते, पण ते फक्त गोऱ्या मुलींचे. ही हकीकत बाहेर आली ती १९९६ साली, एलाच्या मृत्यूनंतर, एका वार्ताहराने जुनी कागदपत्रे आणि माणसे शोधून काढल्यावर. मोरेनोच्या रेघांमधून ती कळत नाही. रेघा माणसामाणसांतल्या होत्या, आणि ही भिंत शाळेने घातलेली होती.

शिक्षकांच्या दृष्टीने मात्र मोरेनोचे दुसरे काम अधिक जवळचे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका सार्वजनिक शाळेत त्याने बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या मुलांना विचारले की तुमच्या शेजारी बसायला कोण हवे? आधी एक नाव, मग दुसरे. बालवर्गात आणि पहिलीत मुलगे-मुली एकमेकांची नावे सहज घेत होते. चौथीच्या सुमारास हे जवळजवळ थांबले. आठवीत पुन्हा थोडे सुरू झाले. हे कोणत्याही अनुभवी बाईंनी सांगितले असते. पण मोरेनोने बाईंनाही विचारले होते: तुमच्या वर्गात सर्वांत जास्त पसंती कोणाला मिळेल, आणि कोणाला मिळणार नाही? लहान वर्गांत शिक्षकांचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. वरच्या वर्गांत ते अधिकाधिक चुकत गेले.

१९५१ साली नॉर्मन ग्रॉनलंड यांनी सहावीच्या चाळीस शिक्षकांना घेऊन हे नीट तपासले. शिक्षकांनी लावलेला क्रम आणि मुलांच्या चिठ्ठ्यांवरून आलेला क्रम यांच्यातला सहसंबंध सरासरीने ०.६ च्या आसपास निघाला. म्हणजे अंदाज अगदीच वाया नव्हते. पण शिक्षकाशिक्षकांत फार फरक होता. काहींचा सहसंबंध ०.८ च्या पुढे, तर काहींचा ०.३ च्याही खाली. जो मुलगा शिक्षकांशी नीट वागतो तो वर्गालाही हवासा असेल असे आपण धरून चालतो, आणि तिथेच फसगत होते.

आता थोडे गणित, कारण या विषयातली एक मोठी सुधारणा गणितातून आली. समजा तुमच्या वर्गात ४० मुले आहेत आणि प्रत्येकाने तीन नावे लिहायची आहेत. मुलांनी डोळे मिटून, कोणतीही आवडनिवड न ठेवता चिठ्ठ्या उचलल्या तर किती मुले एकाकी निघतील? एखाद्या मुलीचे नाव एका मुलाच्या चिठ्ठीत नसण्याची शक्यता ३९ पैकी ३६. बाकीच्या एकोणचाळीसही जणांच्या चिठ्ठ्यांत ते नसण्याची शक्यता काढायची तर हा अपूर्णांक ३९ वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर येते सुमारे ०.०४४. त्याला ४० ने गुणले की १.७६. म्हणजे कोणी कोणाला टाळलेले नसतानाही केवळ योगायोगाने दोनेक मुले एकाकी दिसतील. तीनऐवजी दोनच नावे लिहायला सांगितली तर असे ‘एकाकी’ पाच निघतात. एकच नाव सांगितले तर चौदा-पंधरा! मुले तीच, मैत्री तीच. आपण किती नावे मागितली एवढ्याने वर्गातले एकाकीपण दोनावरून पंधरावर जाते. मुलांकडून टोपीतून चिठ्ठ्या काढून हे तासाभरात करून पाहता येईल, आणि आठवी-नववीला संभाव्यता शिकवायला याहून जिवंत उदाहरण शोधावे लागेल.

मोरेनोला हा धोका कळला होता. पॉल लाझार्सफेल्ड या संख्याशास्त्रात मुरलेल्या समाजशास्त्रज्ञाच्या मदतीने योगायोगाचा हिशेब मांडून त्याने आणि जेनिंग्ज यांनी १९३८ साली खऱ्या गटांची त्याच्याशी तुलना केली. परस्परांना निवडणाऱ्या जोड्या योगायोगाने याव्यात त्याच्या दुपटीहून अधिक निघाल्या. आणि कोणीच न निवडलेल्या व्यक्तीही योगायोगापेक्षा जास्त निघाल्या. नंतर यूरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी या तुलनेची रीत आणखी पक्की केली. म्हणजे पसंतीच्या रेघा खरोखर काही सांगत होत्या. फक्त एका वर्गात दोन मुले एकाकी आढळली म्हणून लगेच घाबरायचे कारण नव्हते.

मोजपट्टीची दुसरी एक परंपरा याच काळात, थोडी आधी, सुरू झाली होती. एमरी बोगार्डस यांनी १९२५ साली ‘सामाजिक अंतर’ मोजणारी सात पायऱ्यांची शिडी मांडली. अमुक जमातीच्या माणसाला तुम्ही सोयरीक करून घरात घ्याल का, मित्रमंडळात घ्याल का, गल्लीत शेजारी चालेल का, आपल्या धंद्यात चालेल का, देशाचा नागरिक म्हणून चालेल का, की फक्त पाहुणा म्हणून, की देशातच नको? पहिली उत्तरे ११० जणांची होती, आणि त्यांत तरुण व्यापाऱ्यांबरोबर शाळाशिक्षकही होते. पुढे १९२६ साली अमेरिकाभर जी पाहणी झाली तिच्या यादीत इंग्रज वरच्या टोकाला होते आणि हिंदुस्थानी लोक अगदी तळाच्या गटांत. भगतसिंग थिंड खटल्यात हिंदुस्थानी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९२३ चा. तेव्हा शिडीवरची ती जागा हवेतून आलेली नव्हती. या शिडीची खरी परीक्षा घेतली ती युजीन हार्टली यांनी. १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी विद्यार्थ्यांपुढच्या यादीत तीन नावे अशी घुसवली की त्या जमाती जगात नव्हत्याच. तरी अनेकांनी त्यांनाही दूर ठेवले, आणि जे खऱ्या जमातींना नाकारत होते तेच बहुतेक या काल्पनिकांनाही नाकारत होते!

असो. बोगार्डसची शिडी आणि मोरेनोचा नकाशा या दोन्हींत एक उणीव होती. दोघांनी मोजले ते दुसऱ्यांचे मत. ज्याला निवडले किंवा टाळले त्याला आत काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते. कोणी न निवडलेली मुलगी दुःखी असणारच, असे सगळे धरून चालले होते.

हे गृहीत उघडून पाहायला १९८० चे दशक उजाडावे लागले. स्टीव्हन ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मुलांच्या एकाकीपणाची चोवीस विधानांची प्रश्नावली केली. त्यातली आठ विधाने नुसती छंद-आवडींची होती, मुलांना मोकळे वाटावे म्हणून. आमच्या मते प्रश्नावली करणाऱ्यांनी ही आठ विधाने आधी वाचावीत. ज्या मुलाला दिवसभर कोणी खेळायला घेतलेले नाही त्याला ओळीने सोळा वेळा ‘तू एकटा आहेस का’ असे विचारणे हीच एक इजा आहे, हे त्यांना कळले होते. दरम्यान, मुलांचे नुसते ‘निवडलेले’ आणि ‘न निवडलेले’ असे दोन ढीग न करता, ज्यांना बरेच जण ‘नको’ म्हणतात ती ‘नाकारलेली’ मुले आणि ज्यांचे नाव चांगल्या-वाईट कोणत्याच यादीत फारसे येत नाही ती ‘दुर्लक्षित’ मुले यांत फरक करायला संशोधक शिकले होते. ॲशर आणि व्हीलर यांनी १९८५ मध्ये दोन्ही मोजमापे शेजारी शेजारी ठेवली. नाकारलेली मुले इतरांपेक्षा खरोखर अधिक एकाकी होती. दुर्लक्षित मुले मात्र नव्हती. कोपऱ्यात आपले आपण चित्र काढत बसलेला मुलगा समाधानी असू शकतो. नकाशावर दोघांकडेही पसंतीची रेघ नाही, पण आतले हवामान निराळे.

माणसाला स्वतःलाच विचारायचे ठरवले की भाषेचे प्रश्न सुरू होतात. १९७८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एकाकीपणा मोजणारी वीस विधानांची एक प्रश्नावली तयार झाली आणि ती फार गाजली. तिच्यातली सर्व वीस विधाने एकाच दिशेची होती. सगळी ‘मी एकटा आहे’ या चालीवरची. जी माणसे कशालाही सवयीने ‘हो’ म्हणतात ती मग आपोआप एकाकी ठरतात. हे ध्यानात आल्यावर १९८० साली निम्मी विधाने उलटी, म्हणजे ‘माझी माणसे आहेत’ अशा अर्थाची, केली गेली. आपल्याकडची चूक-बरोबरची चाचणी काढताना सगळी उत्तरे ‘बरोबर’ येणार नाहीत याची काळजी घेतो, तसेच हे.

एकटेपण नसणे म्हणजेच आपलेपणा असणे का? तसे नाही, आणि हे फार उशिरा स्पष्ट झाले. मिशिगनमधल्या बॉनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकारी मनोरुग्ण-शुश्रूषेच्या क्षेत्रातल्या. आपलेपणाला दोन अंगे असतात असे त्यांनी १९९२ मध्ये मांडले. एक, आपली इथे गरज आहे, आपल्याला मोल आहे असे वाटणे. आणि दुसरे, आपण इथल्यांशी जुळतो असे वाटणे. १९९५ मध्ये त्यांची मोजपट्टी आली. त्याच वर्षी बाउमायस्टर आणि लिअरी यांचा, आपलेपणा ही माणसाची मूलभूत गरज आहे असे प्रतिपादन करणारा, प्रसिद्ध लेख आला. त्यानंतर या विषयाला एकदम वजन आले.

शाळेसाठीची मोजपट्टी त्याआधीच, १९९३ मध्ये, कॅरल गुडनाऊ यांनी केली होती. विधाने अठरा, आणि उत्तर प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते १ ते ५ मध्ये द्यायचे. मी खरोखर या शाळेचा भाग आहे असे वाटते का, माझे म्हणणे इथे कोणी मनावर घेते का, एखादा तरी शिक्षक असा आहे का की ज्याच्याशी मी बोलू शकतो, दुसऱ्या शाळेत असतो तर बरे असे वाटते का, अशा आशयाची ती आहेत. मोरेनोच्या नकाशात शिक्षक नव्हतेच. इथे ते आले. आणि गुडनाऊ यांनी त्याच वर्षी वर्गातल्या आपलेपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुलांच्या अभ्यासाच्या उमेदीशी सर्वांत सातत्याने जोडलेली गोष्ट निघाली ती मित्रांचा नव्हे, शिक्षकांचा आधार.

या विधानांचे मराठी करायला बसलो की गंमत होते. ‘आपुलकी’ म्हटले तर ती दुसऱ्याबद्दल वाटते, आणि इथे हवे आहे ते स्वतःच्या जागेबद्दलचे वाटणे. ‘ही शाळा माझी आहे’ आणि ‘मी या शाळेचा आहे’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिले अभिमानाने मूल सहज म्हणेल, दुसरे म्हणायला शाळेने काही केलेले असावे लागते. उलट आपल्या भाषेत एक सोय अशी आहे की जी इंग्रजीत नाही. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा बाहेर असतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. बदलून आलेले मूल शिक्षकांशी बोलताना ‘तुमच्या शाळेत’ म्हणते, आणि मग एके दिवशी ‘आपल्या शाळेत’ म्हणू लागते. अठरा विधाने न वाचता हा एक शब्द महिनाभर कान देऊन ऐकला तर काय कळेल याचे आम्हाला कुतूहल आहे.

भाषेबरोबर उत्तर देण्याची रीतही बदलते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००० साली अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची जी परीक्षा सुरू केली, तिच्यात शाळेबद्दलच्या आपलेपणाची काही विधाने होती. डग्लस विल्म्स यांनी २००३ मध्ये त्यांचा अहवाल लिहिला. सरासरीने दर चार मुलांतले एक मूल आपलेपणाच्या खालच्या गटात निघाले, आणि जपान, कोरिया या देशांत हे प्रमाण त्याहून बरेच जास्त निघाले. तिथली मुले खरेच एवढी परकी आहेत का? असतीलही. पण पूर्व आशियातली मुले प्रश्नावलीत ‘पूर्णपणे सहमत’ अशी टोकाची उत्तरे कमी देतात हेही इतर अभ्यासांतून माहीत आहे. एकाच फूटपट्टीने दोन देश मोजताना फूटपट्टीच थोडी ताणली जात नाही ना, हे पाहावे लागते. अहवालातली आणखी एक गोष्ट पालकसभेत सांगण्याजोगी आहे. आपलेपणा आणि वाचनाचे गुण यांचा संबंध क्षीण निघाला. चांगले गुण मिळवणारी पुष्कळ मुले शाळेत परकी होती.

आणि आता या इतिहासातला, आमच्या दृष्टीने, सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग. २००७ साली ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले की संगणकशास्त्राच्या विभागात चांगले जुळवून घेतील अशा तुमच्या मित्रांची नावे लिहा. काहींना दोन नावे मागितली, काहींना आठ. दोन नावे कोणालाही सुचतात. आठ लिहिताना सगळेच अडतात. गोऱ्या विद्यार्थ्यांवर या अडण्याचा परिणाम दिसला नाही. आठवत नाहीत, एवढेच. पण काळ्या विद्यार्थ्यांच्या मनात त्या अडण्याचा अर्थ ‘आपल्यासारख्यांचे हे ठिकाण नव्हे’ असा झाला, आणि आपण या विषयात कितपत बसतो, कितपत यशस्वी होऊ, हे त्यांचे स्वतःचे अंदाज खाली आले. एक निरुपद्रवी वाटणारा प्रश्न, आणि त्यातला एक आकडा. कपभर पाण्याचे तापमान घेताना थंडगार, जाडजूड तापमापक बुडवला तर पाणीच थोडे निवते, हे आपण सातवीला शिकवतो. इथे तापमापक काही कपांनाच निववत होता.

याच दोघांनी मग उलट दिशेने प्रयत्न केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभराचा एक कार्यक्रम दिला. सुरुवातीला सगळ्यांनाच इथे परके वाटते आणि हळूहळू ते जाते, हे वरच्या वर्गांतल्या मुलांच्या अनुभवांतून त्यांच्यापुढे ठेवले, आणि स्वतःच्या शब्दांत ते लिहायला लावले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतले अंतर निम्म्यावर आले. विद्यार्थी होते फक्त ९२. इतक्या थोड्या मुलांवर एवढा परिणाम म्हटल्यावर अनेकांनी भुवया उंचावल्या, आणि ते योग्यच होते. २०२३ साली २२ महाविद्यालयांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परिणाम टिकला, पण लहान झाला, आणि सर्वत्र दिसला नाही. ज्या महाविद्यालयात त्या गटातल्या मुलांना आपले म्हणून सामावून घेतले जाण्याची खरोखर संधी होती तिथेच तो दिसला. जिथे ती नव्हती तिथे तासभर लिहिल्याने काही फरक पडला नाही. हडसनच्या भिंती इथे आकड्यांत आल्या, नव्वद वर्षांनी.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर जुन्या जेनिंग्जबाईंनी १९४८ साली शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तिका अजून उपयोगाची आहे. प्रश्न खऱ्या गोष्टीचा असावा, जसे की कोणाशेजारी बसायचे किंवा कोणाबरोबर प्रकल्प करायचा. जागा केव्हा बदलणार ते आधी सांगावे आणि त्या बदलाव्यातच. चिठ्ठ्या कोणाला दाखवू नयेत. ‘कोण नको’ हे विचारण्याबाबत आमचे मत असे की शिक्षकाने वर्गात ते विचारूच नये. संशोधक त्याचे काय करायचे ते पाहतील. मग मांडणी सुरू करायची ती ज्यांचे नाव कोणीच लिहिलेले नाही त्या मुलांपासून. त्यांना त्यांची पहिली पसंती द्यायची. त्यानंतर ज्यांना एखाद-दुसरीच पसंती मिळाली ती मुले, आणि ज्यांची नावे वर्गभर होती ती अगदी शेवटी, उरलेल्या जागांवर, पण त्यांनी लिहिलेल्यांपैकी एक तरी नाव जवळ येईल असे पाहून. काही आठवडे ही मांडणी तशीच ठेवायची, आणि मग कोऱ्या चिठ्ठ्या पुन्हा वाटायच्या.